जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात 'कॅथलिक' लिहावं का?

तुम्ही नोकरीसाठी मुंबईहून म्युनिकला निघालाय. तिथे 'कॅथलिक' लिहिलं की चर्चचा कर कापतात, म्हणून लिहावं की नको, आणि चर्चमुळे तिकडे रुळायला मदत होते का, असं विचारलंय.

लिहा. मी कलिन्याची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची कॅथलिक, म्युनिकला नोकरी करून आलेय आणि याच रकान्यावरून चुलतभावाशी माझं चांगलंच वाजलं होतं.

हा कर पगारावर नसतो, आयकरावर असतो. बव्हेरियात ८ टक्के. महिन्याला ५०० युरो आयकर जात असेल तर चर्चला ४०.

सुरुवातीचे रविवार जड गेले. चर्च भलंमोठं, माणसं मोजकी, तीही बहुतेक साठीपुढची. आत इतकी थंडी की कोट घालूनच बसायचं. गाण्यांचे नुसते आकडे फळीवर लावतात. शेजारच्या आजींनी न बोलता आपलं पुस्तक माझ्यापुढे धरलं, ओळीवर बोट ठेवून. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर कॉफीला त्यांनीच नेलं आणि माझा पत्ता लिहून घेतला. जानेवारीत तीन राजांच्या सणाला मुकुट घातलेली पोरं माझ्या दारात! गाणं म्हणून त्यांनी चौकटीवर खडूने सालाचे आकडे आणि मधे सी, एम, बी अशी अक्षरं लिहिली. मी डब्यात पैसे टाकले आणि आईने पाठवलेले कलकल, आपला नाताळचा गोड फराळ, हातावर ठेवले.

समोरच्या घरातले गृहस्थ तोवर नुसती मान हलवायचे. त्या दिवशी ते थांबले. मी त्यांना वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत नवसाला वाहतात त्या मेणाच्या हातापायांबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, मग अल्टओटिंगला चला, आमच्या बव्हेरियातल्या मारियेच्या तीर्थाला. पुढे त्यांच्या बायकोबरोबर गेलेही. काळी मारिया, बाहेरच्या ओवरीत छतापर्यंत नवसाची चित्रं. परक्या देशात आल्यासारखं त्या दिवशी वाटलं नाही.

चुलतभावाने रकान्यात 'नाही' लिहिलं. म्हणे, देव काय पावत्या तपासतो? गावठाणातल्या क्रुसाच्या सणाला हाच पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचा आणि वर्गणी न देणाऱ्याला बोल लावायचा. इथे देणं धर्म आणि तिथे लूट, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. बाप्तिस्मा झालेल्याने खोटं लिहून वर नाताळच्या मिस्साला पुढच्या बाकावर बसायचं, हे बरं नव्हे.

घरी कर्जाचे हप्ते पाठवायचे असतील तर ४० युरोही जड जातात, हे मान्य. पण वर्षाच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, ती मागा. आणि आधी लिहून मग नाव काढू म्हणाल तर तेही सोपं नाही. सरकारी कार्यालयात फी भरून तसं जाहीर करावं लागतं, आणि २०१२ च्या बिशपांच्या आदेशाप्रमाणे अशाला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, घेता येत नाही.

इंग्रजी मिस्सा मोठ्या शहरात मिळतो, पण घराजवळच्या जर्मन चर्चलाच जा. आणि वाणसामान शनिवारीच आणा, रविवारी दुकानं बंद असतात.