'बॉयकॉट' या क्रियापदाचा अर्थ, उगम आणि वापर

तुम्ही विचारलंय की बॉयकॉट म्हणजे नुसतं 'न जाणे' किंवा 'नकार देणे' असं समजलं तर चालेल का, आणि हा शब्द आला कुठून. तसं समजून चालणार नाही. का, ते या शब्दाच्या जन्मकथेतच आहे.

बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार पाहायचा, कुळांकडून खंड वसूल करायचा. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. लॉर्डसाहेब १० टक्क्यांच्या पुढे जाईनात, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा बजावायला माणूस पाठवला.

त्याच सप्टेंबरात पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिसच्या सभेत मार्ग सांगितला होता: दुसऱ्याची हिसकावलेली जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, कुठेही संबंध ठेवू नका. मेयोच्या लोकांनी तेच बॉयकॉटला लागू केलं. शेतावरचे मजूर गेले, घरातले नोकर गेले, दुकानदार माल देईनात. पीक उभं राहिलं. ते काढायला कॅव्हन आणि मॉनहन भागातून ५० माणसं आणली, त्यांच्या रक्षणाला सैनिक नि पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी अंदाजे १०,००० पौंड खर्ची पडले! १ डिसेंबरला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला, तोवर त्याच्या नावाचं क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत छापून येत होतं. हा शब्द फादर ओमॅली या तिथल्या धर्मगुरूंनी सुचवला, असं रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय. साध्या कुळांच्या तोंडी सहज बसेल असा शब्द त्यांना हवा होता. मला हा भाग फार आवडतो.

म्हणजे बॉयकॉटमध्ये दोन गोष्टी हव्यात: ठरवून तोडलेला संबंध, आणि त्यामागे निषेध किंवा मागणी. कंटाळा आला म्हणून लग्नाला गेला नाहीत, तर तो बॉयकॉट नव्हे. रस्ता होत नाही म्हणून अख्खं गाव मतदानाला गेलं नाही, तर तो बॉयकॉट.

वाक्यात वापरताना कर्म थेट येतं: 'वी बॉयकॉटेड द मीटिंग'. मराठीत आपण सभे'वर' बहिष्कार टाकतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' घालायचा मोह होतो. तो टाळा. नाम म्हणून वापरलात तर 'अ बॉयकॉट ऑफ द मीटिंग'.

मेयोत जे झालं ते खरं तर आपल्या 'वाळीत टाकण्या'च्या जवळचं होतं, पण तिथे दुबळ्यांनी सत्ता असलेल्याला वाळीत टाकलं. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते तेव्हा जोर उलट्या दिशेने लागतो. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' हेच शब्द आहेत.