आधी चिप, मग लस

प्रश्न : 3 महिन्यांनी आम्ही जर्मनीला राहायला जातोय. मांजरीला रेबीजची लस गेल्याच महिन्यात दिली, ओळखीची मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती) आता बसवू. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, ताई. चिपआधीची लस युरोपीय संघ धरतच नाही. आजच चिप बसवा, लस पुन्हा द्या. तुमचा देश त्यांच्या रेबीजबाबत सवलत असलेल्या देशांच्या यादीत नसेल, तर लसीनंतर किमान 30 दिवसांनी तिचं रक्त काढून, लस लागू पडली का ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं आणि रक्त काढल्यापासून आणखी 3 महिने थांबायचं. करा हिशेब! ‘मागाहून मागवू’ म्हणाल, तर तुमच्या आणि तिच्या प्रवासात 5 दिवसांहून जास्त अंतर पडलं की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात. तिकीटच पुढे ढकला. माझ्या बोक्यापायी मीही ढकललं होतं. घरचे अजून टोमणे मारतात.