घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो, मुलं धरून घरात चौघं, ऑफिस ऐरोलीत. २०२१ ची जुनी डिझेल ऑटोमॅटिक क्रॉसओव्हर घ्यावी का? कोणते बिघाड निघतात?

घरात चौघं आणि रोजचा प्रवास कासारवडवली ते ऐरोली, असं तुम्ही लिहिलंय. या वापराला डिझेल घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जळून जायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. सकाळी नऊच्या गर्दीत, तुमच्या वाटेवरच्या मानपाडा ते माजिवडा पट्ट्यात ती कुठे पळणार?

मी खारघरला राहतो. २०२३ मध्ये अशीच दोन वर्षं वापरलेली डिझेल घेतली आणि तिसऱ्या महिन्यात फिल्टरचा दिवा लागला. मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून माझ्या नाकाशी धरली. ऑइलला चक्क डिझेलचा वास, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी मध्येच बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि असं वारंवार झालं की ते डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. आधीच्या मालकाने गाडी घर ते स्टेशन एवढीच चालवली होती. मी मात्र मीटरवरचा छोटा आकडा बघून भुललो होतो. आज मी हायवेवर ऐंशी हजार किलोमीटर झालेली डिझेल आधी बघेन. तरीही डिझेलच हवी असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून फिल्टरमध्ये काजळी किती भरलीय ते वाचून घ्या आणि डिपस्टिक स्वतः हुंगा.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती, हेही विकणाऱ्याला विचारा. ड्राय क्लचवाली ड्युअल क्लच (दोन क्लचची, तेही तेलात न बुडलेले) आपल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापते, एएमटीची (साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) क्लच प्लेट झिजते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनचा जोर पुढे देणारा) असं ट्रॅफिक जास्त चांगलं सोसतो. ट्रायल गार गाडीवर घेऊ नका. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवा, मग सोसायटीच्या पार्किंगच्या चढावर थांबवून हळूच सोडा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरली की सरळ परत द्या.

खड्ड्यांमुळे सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे) जातात. स्पीड ब्रेकरवर पुढून टकटक ऐकू येते. हे खर्च आवाक्यातले आहेत, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका, किमतीतून पैसे कमी करून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो पाण्याला. बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी शिरलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. क्रॉसओव्हर उंच असते म्हणून पाणी आत जात नाही, या भ्रमात राहू नका. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. टॉर्च घेऊन सीटखालचे बोल्ट बघा, गंजलेत का. स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात फिरवा, गाळ लागतो का. मग काचा बंद करून एसी लावा. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर मालक काहीही सांगो, उतरा. अशा गाडीचं वायरिंग आतून हिरवं पडत जातं आणि आज सेन्सर, उद्या पॉवर विंडो, परवा भर रस्त्यात स्टार्टिंग बंद, असं वर्षभर चालतं. मागच्या सीटवर मुलं बसणार आहेत, म्हणून याबाबतीत तडजोड नकोच.

कागदांत कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि ई-चलन थकलंय का, एवढं परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघा. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा, तिथे पाण्याची गोष्ट बरेचदा सापडते.

तुमच्या जागी मी टॉर्क कन्व्हर्टरची पेट्रोल शोधली असती, आणि ती पावसाळा संपल्यावर लगेच नाही, दोन-तीन महिने थांबून घेतली असती. पाण्यात गेलेली गाडी तोवर स्वतःच बोलायला लागते.