खानावळीतून सुरू होणारे संशोधन

प्रश्न : आमचे विद्यापीठ लहान असून प्रयोगशाळाही साधीच आहे. शाश्वततेवर येथे खरे संशोधन होऊ शकेल का?

उत्तर : अवश्य होऊ शकेल. लहान परिसरात खरकट्याचे रोज वजन करणारे विद्यार्थी आणि खानावळीत रांधणारी माणसे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे आकडा बदलला की त्याचे कारण तिथल्या तिथे विचारता येते. मोठ्या संस्थांना ही सोय क्वचितच लाभते. त्याच खरकट्याचे कंपोस्ट खत करताना त्यात सुका पालापाचोळा मिसळून कार्बन व नायट्रोजनचे प्रमाण साधारण ३०:१ राखले आणि ढीग निदान एक घनमीटरचा केला, तर काही दिवसांतच त्याचे तापमान ५५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. वाफाळणाऱ्या ढिगात तापमापी खुपसून केलेली रोजची नोंद हे अस्सल संशोधनच आहे. मात्र अहवालात सफाई कर्मचाऱ्यांचेही श्रेय आवर्जून नोंदवा.