रजेतही कोडच लिहिला, मग आराम झाला का?

सॉफ्टवेअरमधली माणसं समुपदेशनाला आली की रजेचा विषय कधी ना कधी निघतोच. आठवडाभर रजा टाकली, कुठं गेलो नाही, घरीच होतो, आणि वेळ मिळताच पुन्हा लॅपटॉप उघडला. ऑफिसचं काही नाही, स्वतःच्या हौसेचं काहीतरी लिहीत बसलो. याला आराम म्हणायचं की कामाचं व्यसन? हा प्रश्न घेऊन आलेल्या एका बाईंचा अनुभव इथे लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, काम बॅकएंडचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचं. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं एक मोठं रिलीज पार पडल्यावर त्यांनी आठवड्याची रजा घेतली होती. कामावर परतायच्या आदल्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून आल्या होत्या. तक्रार दुहेरी होती. नवरा म्हणत होता, "हेच करायचं होतं तर रजा कशाला टाकलीस?" आणि त्या स्वतःला म्हणत होत्या, "अख्खा आठवडा हातात होता, तरी माझा प्रोजेक्ट पुरा झाला नाही." एकाच आठवड्यात जास्त काम केल्याचीही टोचणी आणि कमी केल्याचीही. अशा दोन टोचण्या एकाच वेळी दिसल्या, की त्या माणसानं किती तास काय केलं यापेक्षा ते करताना त्याच्या मनात कोण बसलं होतं, हे मला आधी पाहावंसं वाटतं.

म्हणून सल्ला देण्याआधी विचारलं, "नेमकं काय बनवत होतात?"

त्यांनी 'गेम ऑफ लाइफ' लिहायला घेतला होता. जॉन कॉनवे या गणितज्ञानं रचलेला हा खेळ १९७० मध्ये एका विज्ञान मासिकातल्या सदरातून लोकांसमोर आला. चौकटींचा पट असतो, प्रत्येक चौकट जिवंत किंवा मेलेली. जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती टिकते, नाहीतर मरते. मेलेल्या चौकटीला बरोब्बर तीन जिवंत शेजारी मिळाले की ती जिवंत होते. नियम एवढेच. त्यातून पाच चौकटींची एक आकृती निघते, तिला ग्लायडर म्हणतात. दर चार पिढ्यांनी ती आपला मूळचा आकार परत घेते आणि तिरक्या दिशेनं एक घर पुढं सरकलेली असते.

"ग्लायडर पटाच्या कडेला पोचला की अडकायचा मॅडम," त्या सांगत होत्या. "चार चौकटींचा ठोकळा होऊन तिथेच बसायचा. मग मी उजवी कड डावीला जोडली, वरची खालच्या कडेला. भागाकाराची बाकी घेतली की झालं, एका ओळीचं काम. आता तो एका बाजूनं बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूनं आत येतो. मी नुसतीच बघत बसले होते, किती वेळ कोण जाणे." बोलता बोलता त्या खुर्चीत पुढं सरकल्या होत्या आणि टेबलावर बोटानं तिरकी रेघ ओढत होत्या. पहिल्या दहा मिनिटांतला थकलेला आवाज पार बदलला होता.

"मग बिघडलं कुठं?"

पाठ पुन्हा खुर्चीला टेकली. आठवड्याच्या मध्यावर त्यांच्या मनात आलं, एवढं छान झालंय तर गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी मांडून ठेवायच्या संकेतस्थळावर टाकू, लोक बघतील. लोक बघणार म्हटल्यावर वाचायला माहिती हवी, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट हव्यात, कोड नीट मांडलेला हवा. कामांची यादी तयार झाली. यादीला तारीख लागली: रविवारपर्यंत पहिली आवृत्ती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी डोळे उघडले की हात फोनकडे, यादीत काय उरलंय ते पाहायला. जेवण की-बोर्डशेजारी. मान आखडली ती आखडलीच.

मी त्यांना एक कागद दिला आणि रजेचे दिवस ओळीनं लिहायला सांगितले. प्रत्येक दिवसापुढं तीन उत्तरं: आज काय करायचं हे कुणी ठरवलं, मधेच सोडून दिलं असतं तर कुणी जाब विचारला असता, आणि रात्री झोप कशी लागली. सुरुवातीच्या दिवसांपुढं त्यांनी लिहिलं, "मी", "कुणी नाही", "छान". पुढच्या दिवसापुढंही आधी "मी" लिहिलं. थोडा वेळ पेन तसंच धरून बसल्या, मग ते खोडून लिहिलं, "यादीनं".

माझ्या मते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोडाखोडीत आहे. संगणक तोच, खुर्ची तीच, कोडही तोच. अर्धा आठवडा त्यांना टवटवीत करून गेला आणि उरलेल्या अर्ध्यानं दमवलं.

साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाचा शीण कशानं भरून निघतो हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. त्यात चार अनुभव धरले आहेत: कामातून मन सुटणं, अंग-मन सैलावणं, काहीतरी नवं शिकल्याचं किंवा जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. हौसेचा कोड यातले शेवटचे दोन भरभरून देतो. पहिलाही देऊ शकतो, कारण डोक्यात ग्लायडर फिरत असेल तेव्हा ऑफिसचा सर्व्हर फिरत नसतो. म्हणून "स्क्रीनसमोर होतीस म्हणजे आराम झालाच नाही" हे नवऱ्याचं म्हणणं मला पटलं नाही, आणि तसं मी सांगितलं. पण सैलावण्याचं काय? ते कोडमधून मिळत नाही. रात्री अकराला एखादा बग सापडायच्या बेतात असतो तेव्हा शरीर ताणलेलंच असतं. डोळे, मान, मनगटं यांना हौस आणि नोकरी यांतला फरक कळत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते: चालणं, पोहणं, मातीत हात घालणं, नुसतं लोळणं, काहीही चालेल, फक्त हात की-बोर्डवर नसावेत.

यादी आणि तारीख आल्यावर आनंद का आटला, यालाही आधार आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढं मोकळ्या वेळात इतर मुलांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. लोक बघतील, गिटहबवर पसंतीची तारांकनं मिळतील ही अपेक्षा मोठ्या माणसाच्या हौसेवरही तसाच परिणाम करू शकते.

हे बोलणं चालू असताना त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "पण मॅडम, पायथॉनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा एका माणसानं सुट्टीत सुरू केली. आणि मला एवढासा खेळ पुरा करता येऊ नये?" ही तुलना मी वारंवार ऐकते, म्हणून तिचं उत्तर इथेही देते. गीडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात पायथॉनला हात घातला हे खरंच आहे. ऑफिस बंद राहणार होतं आणि त्या आठवड्यात मन गुंतवायला त्यांना छंदाचा एखादा प्रोजेक्ट हवा होता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण पायथॉन पहिल्यांदा लोकांच्या हाती आली फेब्रुवारी १९९१ मध्ये. त्या आठवड्यात सुरुवात झाली, इतकंच. त्या आठवड्याकडून याहून जास्त काही मागितलं गेलं नव्हतं. हे ऐकून बाई बराच वेळ गप्प होत्या.

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. त्याची तक्रार ऐकली तेव्हा ती कोडबद्दल नव्हतीच. "तू काय लिहितेस त्याला माझी हरकत नाही," तो तिला म्हणाला. "मी हाक मारली की 'दोन मिनिटं' म्हणतेस आणि तास जातो. तू घरी होतीस, पण आम्हाला मिळाली नाहीस." हे तिनं मान्य केलं. ही तक्रार रास्त आहे, पण ती आरामाची नाही, सहवासाची आहे. घरात या दोन गोष्टींची गल्लत झाली की भांडण भलत्याच मुद्द्यावर पेटतं. त्यांनी ठरवलं की संध्याकाळी लॅपटॉप बंद, आणि सकाळचे दोन तास तिला कुणी हाक मारायची नाही.

बाकीचे बदल छोटे होते. प्रोजेक्टवरची तारीख त्यांनी काढून टाकली. यादीतली बहुतेक कामं खोडली; उरली ती फक्त त्यांना स्वतःला करून पाहावीशी वाटणारी. उठताना कोडमध्येच एक ओळ लिहून ठेवायची, पुढं काय करायचं त्याची, म्हणजे अर्धवट धागा अंथरुणात सोबत येत नाही. आणि हौस रजेसाठी राखून न ठेवता एरवीच्या आठवड्यातही अधूनमधून अर्धा तास तिला द्यायचा. हे शेवटचं मी आग्रहानं सांगते. रजेनं आलेली तरतरी कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ओसरते, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. सगळा भार वर्षातल्या एका आठवड्यावर टाकला की तो आठवडा परीक्षेसारखा होतो.

काही जणांच्या बाबतीत मात्र मी वेगळं बोलते. लॅपटॉपपासून दूर गेलं की अस्वस्थ वाटतं, रजेतही ऑफिसचे मेसेज उघडल्याशिवाय राहवत नाही, हौसेच्या कोडमध्येही गोडी उरलेली नाही पण थांबताही येत नाही, झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली आहे. कामाच्या सततच्या ताणातून येणारा बर्नआउट जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत नोंदवलेला आहे; आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी त्याची खूण तिथे सांगितली आहे. गोडी सगळ्याच गोष्टींतली गेली असेल तर त्यामागं नैराश्यही असू शकतं. अशा वेळी कोडिंग बंद करून किंवा वाढवून भागत नाही. समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा, आणि रजेत काय काय केलंत हे सांगताना लाजून कोडचा भाग गाळू नका. आम्हाला त्यातून पुष्कळ कळतं.