एकच गाडी ठेवायची असेल तर: जुनी एमजीबी की नवी माझदा?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये राहता, गाडी लावायला जागा एकच, ऑफिसलाही तीच न्यायची. तर १९६६ ची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, घ्यावी की आजची माझदा एमएक्स-५? दोन्ही दोन सीटच्या, उघड्या टपाच्या, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या. रोजची एकच गाडी असेल तर माझदाच घ्या. एमजीबीवर माझा जीव आहे, तरीही हेच सांगेन.

आकड्यांत तुलना होतच नाही. एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन ९५ अश्वशक्तीचं. ताशी ६० मैलांवर जायला साधारण १२ सेकंद, म्हणजे आजची साधी हॅचबॅकही पुढे निघून जाईल. पण गावाबाहेरच्या वळणांवर ४० च्या वेगात ती जे देते ते नव्या गाडीत ८० लाही मिळत नाही. स्टिअरिंगला मोटरची मदत नाही, त्यामुळे पुढच्या टायरची पकड सुटू लागली की हाताच्या तळव्यांना आधी कळतं. त्या सालच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही, म्हणजे गिअर अलगद जुळवून देणारी यंत्रणाही, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर न्यूट्रलला क्लच सोडायचा, जरा ॲक्सिलरेटर द्यायचा, परत क्लच दाबायचा. न खरखरता गिअर पडला की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

आता ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. पुढची गाडी जिथे थांबेल तिथे तुम्ही थांबणार नाही, म्हणून मोटरवेवर अंतर दुप्पट ठेवावं लागतं आणि मध्ये कुणीतरी घुसतंच. रोज सकाळच्या गर्दीत हा ताण नको.

शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि एमजीबीचा खरा शत्रू गंज आहे. इंजिन साधं, सुटे भाग आजही मिळतात, कारण १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पत्र्याचं काम मात्र खिसा रिकामा करतं. पेट्रोलही बघा: सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, आहे; त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. कमी इथेनॉलचं महागडं ई-५ भरा, नाहीतर नळ्या बदलून घ्या. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला रोड टॅक्स आणि एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) माफ आहे, पण माफी आहे म्हणून तपासणी टाळू नका. मी दरवर्षी करून घेतो.

पुढे दुसरी जागा मिळाली आणि एमजीबी बघायला गेलात, तर रंगाकडे नंतर बघा. आधी दाराखालचे सिल, म्हणजे गाडीला मजबुती देणाऱ्या पत्र्याच्या लांब पट्ट्या, बघा. मागचं चाक जॅकने उचलायला सांगा आणि दार उघडून लावून बघा. दार अडकलं तर सिल आतून गंजून गेलेत. किंमत कितीही उतरली तरी परत फिरा.