कॉलेजात सांगायचं का?

शहादा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेवरून हाणामारी झाली, कुणाला फार लागलं नाही, पण याचं नाव पोलिसांत गेलं. आता नंदुरबारला बाल न्याय मंडळात तारखा आहेत. त्याला पोलीस भरती करायचीय. काका म्हणतात, आपणहून कॉलेजला कळवून टाका. शेवटी आई लिहिते, “मना पोऱ्या वाईट नही शे.”

ताई, लेखी काहीही देऊ नका. बाल न्याय कायद्याने पालकांवर तसं बंधन घातलेलं नाही. उलट २०१५ च्या याच कायद्याच्या कलम ७४ ने अशा मुलाचं नाव, गाव, शाळा छापायला मनाई केलीय. मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काकांची भीती कळते. बाहेरून कळलं तर सर लोक चिडतील. आपल्याकडे अशी बातमी एसटीच्या आधी पोचते, कदाचित त्यांना कळलंही असेल. पण ऐकीव गोष्ट विरते. तुमच्या सहीचा अर्ज फायलीत लागला की क्लार्क बदलला तरी तो तिथेच असतो, आणि दाखल्यावर ‘वर्तणूक’ लिहिताना कुणाचा तरी हात अडखळतो. तारखेच्या दिवशीच्या रजेला ‘वैयक्तिक कारण’ पुरे, ते खोटंही नाही.

एक अडचण आहे. मंडळासाठी मुलाच्या घरच्या-शाळेच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल करताना परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) शिक्षकांशी बोलू शकतात. म्हणून वर्गशिक्षक भरवशाचे असतील तर त्यांना एकट्यांना तोंडी सांगून ठेवा. आधी मुलाला विचारा. तो नको म्हणाला तर माझ्या मते तिथेच थांबा.

भरतीचं म्हणाल, तर मंडळाने दोषी धरलं तरी याच कायद्याच्या कलम २४ मुळे तेवढ्याने मूल अपात्र ठरत नाही, आणि मुदतीनंतर नोंदी नष्ट करायचा आदेश मंडळ देतं. तो आदेश निघाला का, हे वकिलांमार्फत बघा, नक्कल जपून ठेवा. केंद्रीय दलातल्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली अल्पवयातल्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारू दिली नाही. मात्र चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचायचा, वकिलाला विचारूनच उत्तर लिहायचं. अंदाजाने ‘नाही’वर टिक करणारी पोरं नाहक अडकतात.

किरकोळ गुन्ह्याची चौकशी मंडळाने चार महिन्यांत आटोपायची असते. फार तर दोन महिने वाढतात, त्यानंतर ती आपोआप संपते. तेव्हा तारखा चुकवू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना दहावीचं सर्टिफिकेट न्या. वय यात्रेच्या त्या दिवशीचं धरतात.